विश्लेषण : डॉक्टरांना दिलेली फी इन्कम टॅक्समधून वजा होते का? वाट आहे, पण ती किती जणांसाठी उरली आहे?

रिटर्न भरण्याचे दिवस आले की व्हॉट्सॲप ग्रुपवर आणि रील्समध्ये एक सल्ला हमखास फिरू लागतो : “डॉक्टरची फी आणि औषधांची बिलं दाखवा, ५० हजारांपर्यंत टॅक्समध्ये सूट मिळवा.” काही जण याच्याही पुढे जातात. “बिलं नसली तरी चालेल, रिफंड आम्ही आणून देतो,” असं सांगणारे एजंट रिफंडच्या टक्केवारीवर काम घेतात.

यातला पहिला सल्ला अर्धवट आहे आणि दुसरा महागात पडणारा. घरातल्या चाळिशीच्या माणसाने डॉक्टरला दिलेली फी सर्वसाधारणपणे प्राप्तिकरातून वजा होत नाही. घरातल्या साठी ओलांडलेल्या, आरोग्य विमा नसलेल्या माणसासाठी भरलेली फी वजा होऊ शकते, पण फक्त जुन्या करप्रणालीत. आणि नव्या करप्रणालीचे दर आता असे आहेत की, ही वजावट घेण्यासाठी जुन्या प्रणालीत थांबणं अनेकांना तोट्याचं ठरतं. सवलत कायद्याच्या पुस्तकात आहे, हिशेबात मात्र ती बऱ्याच घरांच्या हाताला लागत नाही.

हे नेमकं कसं घडलं आणि याचा फटका कुणाला बसतो, ते पाहू.

हा विषय आता चर्चेत का आला?

१४ जुलै २०२५ रोजी प्राप्तिकर विभागाने देशभरात अनेक ठिकाणी एकाच वेळी पडताळणी मोहीम सुरू केली. रिटर्नमध्ये खोट्या वजावटी दाखवून देणारे मध्यस्थ हे तिचं लक्ष्य होतं. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने त्या दिवशी काढलेल्या निवेदनात ज्या राज्यांमधल्या कारवाईचा उल्लेख होता, त्यात महाराष्ट्रही होता. ज्या कलमांचा गैरवापर झाला असं मंडळाने म्हटलं, त्यात घरभाडं, राजकीय देणगी, शैक्षणिक कर्ज यांच्या बरोबरीने आजारपणाशी संबंधित दोन कलमं होती : ८०डी आणि ८०डीडीबी.

त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४० हजार करदात्यांनी आपली रिटर्न दुरुस्त करून १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे स्वतःहून मागे घेतले होते, असंही मंडळाने सांगितलं. मध्यस्थांची पद्धतही त्या निवेदनात आली. एकगठ्ठा रिटर्न भरण्यासाठी ते तात्पुरते ईमेल आयडी तयार करतात आणि काम झालं की ते सोडून देतात. त्यामुळे विभागाची नोटीस त्या ईमेलवर येऊन पडते आणि करदात्याला तिचा पत्ताही लागत नाही.

२०२५-२६ या कर निर्धारण वर्षापासून रिटर्नमधले रकानेही वाढले. ८०डीखाली विम्याचा हप्ता दाखवायचा तर विमा कंपनीचं नाव आणि पॉलिसी क्रमांक द्यावा लागतो. ८०डीडीबीसाठी आजाराचं नाव निवडावं लागतं. पूर्वी नुसता आकडा टाकून काम भागत होतं, ते आता भागत नाही.

मग डॉक्टरची फी नेमकी कुठे बसते?

कलम ८०डी आलं ते १९८६ च्या वित्त कायद्याने. भारतात मेडिक्लेम विमा बाजारात आला तोही त्याच सुमारास. त्यामुळे या कलमाचा जन्मच विम्याच्या हप्त्यासाठी झाला. आजारी पडल्यावर होणारा खर्च भरून देणं हा त्याचा हेतू नव्हता. लोकांनी आधीच विमा घ्यावा, हा होता.

डॉक्टरची फी त्यात नंतर, बाजूच्या दाराने आली. २०१२ मध्ये प्रतिबंधात्मक आरोग्य तपासणीसाठी ५ हजार रुपयांची जागा झाली. २०१५ मध्ये ८० वर्षांपुढच्या विमा नसलेल्या वृद्धांच्या उपचार खर्चाला ३० हजारांपर्यंत वजावट मिळाली. ८० वर्षांच्या माणसाला विमा मिळणं जवळपास अशक्य असतं, हे सरकारने त्यात मान्य केलं होतं. २०१८ च्या अर्थसंकल्पात वयाची अट ६० वर आली आणि मर्यादा ५० हजार झाली.

आजचा नियम साधारण असा आहे. स्वतः, पती किंवा पत्नी आणि अवलंबून असलेली मुलं यांच्यासाठी एक गट. आईवडिलांसाठी दुसरा गट. प्रत्येक गटाला हप्त्यापोटी २५ हजारांची मर्यादा, त्या गटात विमा असलेली व्यक्ती ६० किंवा त्याहून जास्त वयाची असेल तर ५० हजार. ज्येष्ठाच्या नावाने कोणताही आरोग्य विमा नसेल, तर हप्त्याच्या जागी त्याच्या उपचाराचा खर्च दाखवता येतो. ‘उपचार खर्च’ म्हणजे काय, याची व्याख्या कलमात नाही. त्यामुळे शब्दाच्या नेहमीच्या अर्थाने डॉक्टरची तपासणी फी, रक्त-लघवीच्या चाचण्या, एक्स-रे, औषधं, हॉस्पिटलचं बिल हे सगळं त्यात धरलं जातं.

चार अटी मात्र विसरून चालत नाहीत.

पहिली, पैसे रोखीने दिलेले चालत नाहीत. यूपीआय, कार्ड, चेक किंवा नेट बँकिंग हवं. रोखीची मुभा फक्त ५ हजारांच्या प्रतिबंधात्मक तपासणीला आहे आणि ते ५ हजारही एकूण मर्यादेच्या आतच मोजले जातात.

दुसरी, ज्याने पैसे भरले त्यानेच दावा करायचा. बिल वडिलांच्या नावाचं असलं तरी चालतं, पण पैसे मुलीच्या खात्यातून गेले असतील तर वजावट मुलीची. दोन भावंडांनी खर्च वाटून घेतला असेल तर प्रत्येकाने आपापल्या भरलेल्या रकमेपुरताच दावा करायचा.

तिसरी, आईवडील म्हणजे स्वतःचे आईवडील. सासूसासऱ्यांच्या फीचा दावा सुनेला किंवा जावयाला करता येत नाही, तो त्यांच्या मुलाने किंवा मुलीने करायचा. आईवडील आर्थिकदृष्ट्या अवलंबून असलेच पाहिजेत, अशी अट ८०डीमध्ये नाही. पेन्शन घेणाऱ्या वडिलांच्या उपचाराचा खर्च मुलगा दाखवू शकतो.

चौथी, ज्येष्ठ व्यक्ती भारतातली रहिवासी असली पाहिजे आणि त्या आर्थिक वर्षात कधीतरी तिला ६० वर्षं पूर्ण झालेली असली पाहिजेत.

विमा घेतलेल्या ज्येष्ठाची कोंडी

या नियमात एक अडचण लपलेली आहे. उपचार खर्चाची वजावट विमा नसलेल्या ज्येष्ठासाठीच आहे. ज्याने छोटा का होईना विमा घेतला, त्याच्या नावावर डॉक्टरची फी दाखवता येत नाही.

समजा, ६८ वर्षांच्या एका आजींच्या नावाने १४ हजार रुपये हप्त्याची पॉलिसी आहे. त्यांना मधुमेह आहे, गुडघे दुखतात, डोळ्यांची तपासणी सुरू असते. वर्षभरात डॉक्टरांची फी, चाचण्या आणि गोळ्या मिळून ४५ हजार खर्च झाले. बहुतेक आरोग्य विमा पॉलिसी हॉस्पिटलमध्ये दाखल झाल्यावरच लागू होतात. दवाखान्यात जाऊन दाखवून येण्याची फी त्यात बसत नाही. म्हणजे हे ४५ हजार विमा कंपनी देत नाही आणि प्राप्तिकरही मोजत नाही. मुलाला दावा करता येतो तो हप्त्याच्या १४ हजारांचा आणि फार तर तपासणीच्या ५ हजारांचा.

शेजारच्या आजींनी विमाच घेतलेला नाही, त्यांचाही खर्च ४५ हजार. तिथे मात्र पूर्ण ४५ हजारांची वजावट मिळते. ज्या घराने शहाणपण करून विमा घेतला, त्याच्या पदरात कमी पडलं.

घरात एकाचा विमा असेल आणि दुसऱ्याचा नसेल, तर दोन्ही एकत्र करता येतात. आईच्या विम्याचा हप्ता २० हजार आणि विमा नसलेल्या वडिलांचा उपचार खर्च ४० हजार असेल तर बेरीज ६० हजार होते, पण वजावट ५० हजारांवर थांबते.

गंभीर आजारासाठी वेगळी सोय आहे का?

आहे. कलम ८०डीडीबी ठरावीक आजारांच्या उपचार खर्चाला वजावट देतं. मर्यादा ४० हजार, रुग्ण ज्येष्ठ नागरिक असेल तर १ लाख. या यादीत कॅन्सर, मूत्रपिंड कायमचं निकामी होणं, पूर्ण विकसित एड्स, हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि काही मेंदू-मज्जासंस्थेचे आजार आहेत. पार्किन्सन, स्मृतिभ्रंश, मोटर न्यूरॉन आजार अशा मज्जासंस्थेच्या आजारांत अपंगत्व ४० टक्के किंवा त्याहून जास्त असावं लागतं.

यादीत काय नाही, हे जास्त महत्त्वाचं. मधुमेह नाही, रक्तदाब नाही. हृदयविकाराचा झटका आणि त्यानंतरची अँजिओप्लास्टीही नाही. म्हणजे ज्या आजारांपायी बहुतेक मराठी घरांतून महिन्याला ठरलेली रक्कम जाते, ते या कलमाच्या बाहेर आहेत.

इथे त्या त्या शाखेच्या तज्ज्ञ डॉक्टरचं प्रिस्क्रिप्शन लागतं. त्यावर रुग्णाचं नाव, वय, आजाराचं नाव आणि डॉक्टरचं नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक व पदवी हवी. विमा कंपनीकडून किंवा मालकाकडून काही रक्कम परत मिळाली असेल तर ती वजावटीतून कमी होते. ही सोय स्वतःसाठी किंवा प्रामुख्याने करदात्यावर अवलंबून असलेल्या पती-पत्नी, मुलं, आईवडील आणि भावंडांसाठी आहे. इथे ८०डीपेक्षा नियम उलटा आहे : आईवडील अवलंबून असणं गरजेचं. शिवाय एकच बिल दोन्ही कलमांखाली दाखवता येत नाही.

नोकरदारांची १५ हजारांची बिलं कुठे गेली?

पूर्वी नोकरदारांना आणखी एक सोय होती. औषधांची आणि डॉक्टरांची बिलं कंपनीत जमा केली की वर्षाला १५ हजारांपर्यंतची भरपाई करमुक्त मिळायची. मार्च महिन्यात मेडिकल स्टोअरमधून बिलं गोळा करण्याची धावपळ अनेकांना आठवत असेल. साठीच्या आतल्या माणसाच्या फीलाही कराच्या हिशेबात जागा देणारी ही एकमेव सर्रास वाट होती.

२०१८ च्या अर्थसंकल्पाने ती बंद केली. १५ हजारांची वैद्यकीय भरपाई आणि १९,२०० रुपयांचा प्रवास भत्ता काढून त्याऐवजी ४० हजारांची प्रमाणित वजावट दिली. दोन्ही जुन्या सवलतींची बेरीज ३४,२०० होती. म्हणजे नोकरदाराला वर मिळाले ते ५,८०० रुपये. त्याच अर्थसंकल्पात उपकर ३ टक्क्यांवरून ४ टक्के झाला.

या बदलाने बिलं गोळा करण्याचा जाच गेला, खोट्या बिलांचा धंदाही गेला. पण एक गोष्ट कायमची बदलली. आजारी असलेल्या आणि नसलेल्या नोकरदाराला तीच वजावट मिळू लागली. ज्येष्ठांसाठी दार उघडणारा आणि नोकरदारांसाठी दार बंद करणारा अर्थसंकल्प एकच होता.

नव्या करप्रणालीने काय बदललं?

२०२०-२१ या आर्थिक वर्षापासून कमी दरांची, पण वजावटी नसलेली नवी करप्रणाली आली. २०२३-२४ पासून तीच मूळ प्रणाली झाली. म्हणजे करदात्याने काही निवडलं नाही तर नवीच लागू होते. या प्रणालीत ८०डी नाही, ८०डीडीबीही नाही. २०२४-२५ या कर निर्धारण वर्षासाठी ३१ जुलै २०२४ पर्यंत ७ कोटी २८ लाख रिटर्न भरली गेली. त्यातली ५ कोटी २७ लाख, म्हणजे सुमारे ७२ टक्के, नव्या प्रणालीत होती.

त्यानंतर २०२५ च्या अर्थसंकल्पाने नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतचं करपात्र उत्पन्न करमुक्त केलं. पगार किंवा पेन्शन असेल तर ७५ हजारांच्या प्रमाणित वजावटीमुळे ही रेषा १२ लाख ७५ हजारांवर जाते. शेअर विक्रीच्या नफ्यासारख्या वेगळ्या दराच्या उत्पन्नाला ही सूट लागू नाही.

याचा अर्थ महिना ५०-६० हजार पेन्शन घेणाऱ्या निवृत्त शिक्षकाला डॉक्टरांच्या पावत्या जपण्याचं कराच्या दृष्टीने कारणच उरलेलं नाही. त्यांना कर शून्यच आहे. प्रश्न उरतो तो त्या रेषेच्या वरच्या माणसांचा. त्यासाठी २०२५-२६ या आर्थिक वर्षाच्या दरांनी दोन हिशेब मांडून बघू. दोन्ही उदाहरणं काल्पनिक आहेत, दर खरे आहेत.

पहिला हिशेब : पुण्यात नोकरी करणारी एक मुलगी, पगार १८ लाख. गृहकर्जाचं व्याज २ लाख, पीएफ वगैरे मिळून १ लाख ५० हजार, स्वतःच्या विम्याचा हप्ता २५ हजार आणि गावी राहणाऱ्या, विमा नसलेल्या आईवडिलांच्या उपचारांचे ५० हजार. जुन्या प्रणालीत ५० हजारांची प्रमाणित वजावट धरून हे सगळं वजा केलं की करपात्र उत्पन्न १३ लाख २५ हजार राहतं. त्यावर उपकरासह कर २ लाख १८ हजार ४००. नव्या प्रणालीत यातलं काहीही वजा होत नाही, फक्त ७५ हजारांची प्रमाणित वजावट. तरीही कर होतो १ लाख ५० हजार ८००. जुन्या प्रणालीत राहिली तर तिचे ६७ हजार ६०० रुपये जास्त जातात. फीची वजावट घ्यायची म्हणून ती तिथे थांबली, तर त्या वजावटीतून वाचणाऱ्या १५,६०० रुपयांसाठी ती कितीतरी जास्त गमावते. या पगारावर जुनी प्रणाली परवडायची तर एकूण वजावटी जवळपास ६ लाख ९२ हजारांच्या वर जायला हव्यात. मोठं घरभाडं असलेल्या किंवा त्या जोडीला गृहकर्ज असलेल्या काही जणांनाच ते जमतं.

दुसरा हिशेब जास्त बोलका आहे. मूत्रपिंड निकामी झाल्यामुळे डायलिसिसवर असलेले ६६ वर्षांचे एक निवृत्त अधिकारी. पेन्शन आणि ठेवींचं व्याज मिळून उत्पन्न १४ लाख, विमा नाही. जुन्या प्रणालीत त्यांनी सगळ्या वाटा वापरल्या : प्रमाणित वजावट ५० हजार, व्याजावरची ५० हजार, गुंतवणुकीची १ लाख ५० हजार, ८०डीखाली ५० हजार आणि ८०डीडीबीखाली १ लाख. करपात्र उत्पन्न बरोबर १० लाख उरतं आणि कर १ लाख १४ हजार ४००. नव्या प्रणालीत एक रुपयाही उपचार खर्च न दाखवता कर ८१ हजार ९००. साहजिकच ते नवी प्रणाली निवडतील.

त्यांच्याच मजल्यावर राहणारे, रोज सकाळी पाच किलोमीटर चालणारे, तेवढीच पेन्शन असलेले दुसरे निवृत्त अधिकारीही ८१ हजार ९०० रुपयेच भरतील. एकाच्या घरातून डायलिसिसला लाखो रुपये गेले, दुसऱ्याच्या घरातून गेले नाहीत. कराच्या नजरेत दोघे सारखे.

सरकारची बाजू काय आणि त्यावर आक्षेप काय?

नव्या प्रणालीची बाजू कमकुवत नाही. वजावटींचा फायदा घ्यायला आधी कर भरण्याइतकं उत्पन्न लागतं. ५० हजारांच्या फीवर ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचे उपकरासह १५,६०० वाचतात, ५ टक्क्यांच्या टप्प्यातल्याचे २,६००, आणि कर न भरणाऱ्या शेतमजुराचा एक पैसाही वाचत नाही. म्हणजे ही सवलत ज्याला जास्त गरज, त्याला सर्वात कमी देते. त्यापेक्षा सगळ्यांचे दर खाली आणावेत, रिटर्न सोपं करावं आणि खोट्या बिलांना जागाच ठेवू नये, हा युक्तिवाद आहे. वर पाहिलेले दोन्ही हिशेब त्याला दुजोराच देतात : नव्या प्रणालीत आजारी माणूससुद्धा आधीपेक्षा कमी कर भरतो.

आक्षेप वेगळ्या ठिकाणी आहे. प्राप्तिकराचा पाया माणसाच्या कर देण्याच्या ऐपतीवर आहे. आजारपणाचा खर्च हौसेचा नसतो. तो ऐपतच कमी करतो. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्ये देशातल्या एकूण आरोग्य खर्चापैकी ३९.४ टक्के भार लोकांनी थेट स्वतःच्या खिशातून उचलला. २०१३-१४ मध्ये हा वाटा ६४.२ टक्के होता. सुधारणा मोठी आहे, पण अजूनही शंभरातले जवळपास चाळीस रुपये घरातूनच जातात. ७० वर्षांपुढच्या सर्वांना २०२४ च्या ऑक्टोबरपासून आयुष्मान भारतचं ५ लाखांचं संरक्षण मिळालं, महाराष्ट्रात महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे. पण या योजनांचा भर हॉस्पिटलमधल्या उपचारांवर आहे. दर महिन्याला डॉक्टरला दाखवून येण्याची फी तिथेही बसत नाही.

बाहेरच्या काही देशांनी मधला रस्ता काढला आहे. अमेरिकेत डॉक्टरांच्या फीसह उपचार खर्च उत्पन्नाच्या ७.५ टक्क्यांच्या पलीकडे गेला, तर वरची रक्कम वजा करता येते. त्यासाठी प्रमाणित वजावट सोडून एकेक खर्च मांडावा लागतो. कॅनडात निव्वळ उत्पन्नाच्या ३ टक्के किंवा दरवर्षी ठरणारी एक रक्कम, यातली जी कमी असेल तिच्या वरच्या खर्चावर कर-सवलत मिळते. किरकोळ फी ज्याची त्याने सोसावी, आजारपणाने घर हलवून टाकलं तर कराने थोडं मागे सरकावं, हे त्यामागचं तत्त्व आहे. आपल्याकडे उलट आहे : खालून पहिल्या रुपयापासून मोजायचं आणि ५० हजारांवर थांबायचं. त्यामुळे लहान खर्चाला पूर्ण आणि मोठ्या खर्चाला जेमतेम, अशी मदत होते.

विम्याकडे वळवण्याचे प्रयत्न किती पुरे पडतात?

सरकारचं उत्तर पहिल्यापासून विमा हेच राहिलं आहे आणि अलीकडे त्या दिशेने काही ठोस पावलंही पडली. १ एप्रिल २०२४ पासून विमा नियामकाने नवी पॉलिसी घेण्याची ६५ वर्षांची वयोमर्यादा काढली. आधीपासून असलेल्या आजारांसाठी थांबण्याचा जास्तीत जास्त काळ चार वर्षांवरून तीन वर्षांवर आणला. जानेवारी २०२५ मध्ये ज्येष्ठांचा हप्ता परवानगीशिवाय वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवू नये, असं कंपन्यांना बजावलं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला.

दार उघडं झालं, पण आतला हप्ता मोठाच राहिला. साठीनंतर, मधुमेह आणि रक्तदाब असताना मिळणारी पॉलिसी महाग असते. ती घेतली तरी दवाखान्याची फी तिच्या बाहेरच राहते. आणि नव्या करप्रणालीत तर हप्त्याचीही वजावट नाही. विमा घ्या, असं सांगणाऱ्या कलमाचीच सवलत बहुसंख्य करदात्यांसाठी बंद झाली आहे.

ज्यांना दावा करायचाच आहे, त्यांनी काय पाहावं?

सर्वात आधी दोन्ही प्रणालींचा हिशेब करून पाहावा. प्राप्तिकर विभागाच्या संकेतस्थळावर त्यासाठी मोफत कॅल्क्युलेटर आहे. जुनी प्रणाली खरोखर फायद्याची असेल, तरच फीच्या पावत्यांना किंमत आहे.

जुनी प्रणाली निवडायची तर रिटर्न मुदतीत भरावं लागतं. नोकरदार आणि पेन्शनरांसाठी नेहमीची मुदत ३१ जुलै असते. मुदत उलटून गेल्यावर भरलेल्या रिटर्नमध्ये जुन्या प्रणालीचा पर्यायच मिळत नाही आणि ८०डी आपोआप हातचं जातं. व्यवसायाचं उत्पन्न असेल तर आधी १०-आयईए हा अर्ज भरावा लागतो.

रिटर्नसोबत बिलं जोडायची नसतात. म्हणून ती टाकून द्यायची नसतात. डॉक्टरच्या पावतीवर तारीख, रुग्णाचं नाव, रक्कम आणि डॉक्टरचा नोंदणी क्रमांक असावा. वैद्यकीय व्यवसायाच्या आचारसंहितेनुसार प्रिस्क्रिप्शनवर आणि पैशाच्या पावतीवर हा क्रमांक असणं अपेक्षितच आहे. त्यामुळे पावती मागण्यात संकोच करण्याचं कारण नाही. छोट्या दवाखान्यांत फी अजूनही रोखीने आणि पावतीशिवाय घेतली जाते. तिथे यूपीआयने पैसे देऊन पावती घेतली तर बँकेतली नोंद आणि कागद दोन्ही जुळतात.

पावती ही दोन्ही बाजूंची नोंद आहे, हेही लक्षात ठेवायला हवं. प्राप्तिकर नियमांनुसार ठरावीक मर्यादेपुढे मिळकत असलेल्या डॉक्टरांना रोजच्या रुग्णांची आणि फीची नोंदवही ठेवावी लागते. रुग्णाच्या रिटर्नमधला खर्च म्हणजे डॉक्टरच्या हिशेबातलं उत्पन्न. एका बाजूला दाखवलेला आकडा दुसऱ्या बाजूला सापडला नाही, तर प्रश्न विचारला जाऊ शकतो.

खोटा दावा पकडला गेला तर बुडवलेल्या कराच्या दोनशे टक्क्यांपर्यंत दंड लागू शकतो, व्याज वेगळं. समजा, एजंटच्या सांगण्यावरून ५० हजारांची खोटी फी दाखवून कुणी १५,६०० रुपये वाचवले. पकडलं गेल्यावर तो कर, त्याच्या दुप्पट दंड आणि व्याज मिळून ४६,८०० च्या वर रक्कम जाते. एजंट तोवर कमिशन घेऊन मोकळा झालेला असतो, आणि रिटर्नवर पॅन मात्र करदात्याचा असतो. आधीच्या वर्षी असा दावा झाला असेल, तर अद्ययावत रिटर्न भरून तो मागे घेण्याची सोय आहे. २०२५ च्या वित्त कायद्याने ही मुदत ४८ महिन्यांपर्यंत वाढवली आहे, पण उशीर होईल तसा जादा कर वाढत जातो.

नव्या कायद्यात काही बदलतं का?

१९६१ च्या प्राप्तिकर कायद्याची जागा प्राप्तिकर कायदा २०२५ घेतो, १ एप्रिल २०२६ पासून. त्यात ८०डीचं कलम १२६ झालं आहे आणि ८०डीडीबीचं कलम १२८. भाषा सुटसुटीत झाली, क्रमांक बदलले. ५० हजार आणि १ लाख या मर्यादा तशाच राहिल्या. ३१ मार्च २०२६ पर्यंतच्या उत्पन्नाचं रिटर्न मात्र जुन्याच कायद्याच्या क्रमांकांनी भरायचं आहे, त्यामुळे यंदा ‘८०डी संपलं’ असं सांगणाऱ्या मेसेजकडे दुर्लक्ष केलेलं बरं.

५० हजारांचा आकडा २०१८ चा आहे. तेव्हापासून डॉक्टरांची फी, चाचण्यांचे दर आणि औषधांच्या किमती जागच्या जागी थांबलेल्या नाहीत. आकडा वाढवावा, ही मागणी अर्थसंकल्पाच्या आधी दरवर्षी होते. पण वर मांडलेले हिशेब पाहिले तर नुसता आकडा वाढवून फारसं काही साधणार नाही, कारण ज्या प्रणालीत तो आकडा आहे तीच लोक सोडून चालले आहेत. डायलिसिसवर असलेल्या माणसाच्या आजाराची नोंद कराने घ्यावी की नाही, हा प्रश्न आता नव्या करप्रणालीला विचारावा लागेल. तिथे आजारपणासाठी आज एकही रकाना नाही.